पंख्याचे विमान आणि चिपीचा सडा

मुंबईच्या विमानतळावर बस आम्हांला मोठमोठ्या जेट विमानांच्या रांगेवरून पुढे नेत राहिली आणि शेवटी एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या लहानशा विमानापाशी थांबली, तेव्हा माझ्या आत्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला स्पष्ट दिसली. वय ऐंशीच्या घरात, आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास, आणि तोही सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळावर, स्वतःच्या गावापासून चार मैलांवर उतरवणारा. त्यामुळे गेले आठ दिवस तिने शेजारपाजारी सगळ्यांना सांगून ठेवले होते. विमानाचे पंख छताच्या उंचीवरून निघालेले, त्यांच्याखाली दोन्ही बाजूंना सहा-सहा पात्यांचे पंखे, शेपटीखाली लावलेला एक टेकू, आणि चढायचे दार पुढे नसून मागच्या बाजूला. आत्याने ते सारे नीट पाहून घेतले आणि माझ्या कानाशी येऊन विचारले, "अरे बाबू, ह्या इमानाक पंखो आसा. आमका जुना दिल्यानी काय रे?"

हा प्रश्न मी नंतर कुडाळच्या बाजारात ऐकला, एसटीच्या स्थानकावर ऐकला आणि शिकलेल्या माणसांच्या बैठकीतही ऐकला. पंखा दिसला की विमान जुने, कोकणाच्या वाट्याला आले ते मुंबई-दिल्लीने वापरून टाकलेले, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. मी पेशाने भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस आहे, विमान चालवणारा नव्हे. पण ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे आपण मागणीही चुकीची, म्हणजे मोठ्या जेट विमानाची, करतो, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही ज्यात बसलो ते एटीआर ७२-६०० होते. फ्रान्स आणि इटली यांच्या भागीदारीतून १९८१ मध्ये उभी राहिलेली एटीआर ही कंपनी फ्रान्समधील तुलूज येथे ही विमाने जुळवते. तिचे पहिले विमान, एटीआर ४२, १९८४ च्या ऑगस्टमध्ये उडाले आणि त्याचे लांबवलेले भावंड, एटीआर ७२, १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये. या विमानाच्या पंख्यामागे जे इंजिन असते ते जुन्या काळच्या विमानांतले दट्ट्यांचे, मोटारीसारखे इंजिन नसते. ते जेट विमानाच्या जातीचेच टर्बाइन असते. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि त्या तप्त वायूच्या झोताने चक्र फिरवायचे, ही क्रिया दोन्हींत एकच आहे. जेटमध्ये ती शक्ती आवरणाच्या आत बसवलेला पंखा फिरवते आणि उरलेला झोत मागे फेकते, तर टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइनने बाहेरचा पंखा फिरवणाऱ्या अशा विमानात, जवळजवळ सगळी शक्ती दंतचक्रांच्या पेटीतून बाहेरच्या पंख्याला दिली जाते. टर्बाइन मिनिटाला सुमारे २०,००० फेरे घेते आणि ती पेटी त्यांचे १,२०० फेरे करून पंख्याला देते. म्हणजे आत्याला दिसला तो पंखा, आणि न दिसलेले जेटही तिथेच होते.

आता यात फायदा काय, हे समजायला होडी वल्हवणारा माणूस पाहावा. रुंद पात्याचे वल्हे सावकाश ओढले की होडी जितकी पुढे जाते, तितकी ती अरुंद काठी जोरजोराने मारून जात नाही, आणि दुसऱ्या प्रकारात माणूस लवकर दमतो. हवेचेही तसेच आहे. पुष्कळ हवा थोड्या वेगाने मागे ढकलणे हे थोडी हवा फार वेगाने ढकलण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण वेग दुप्पट केला की त्यासाठी लागणारी ऊर्जा चौपट होते. एटीआरच्या पंख्याचा व्यास ३.९३ मीटर आहे, म्हणजे प्रत्येक पंखा सुमारे बारा चौरस मीटरचे वर्तुळ कापतो. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या खोलीएवढे. एवढी हवा हाताशी असल्यामुळेच हे विमान तासाला साधारण साडेसातशे किलो इंधनात सत्तर माणसांना ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने नेते. १८० आसनांचे एअरबस ए३२० हे जेट तासाला साधारण अडीच टन इंधन घेते.

याच पंख्याला एक मर्यादाही आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. उड्डाणाच्या वेळी पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २४७ मीटर वेगाने फिरत असते. त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग मिळवला की ते टोक ध्वनीच्या वेगाकडे सरकू लागते. त्या सीमेजवळ हवा पात्याला साथ देत नाही, आवाज वाढतो आणि शक्ती वाया जाते. म्हणून या जातीची विमाने साधारण ताशी ५०० ते ६५० किलोमीटरच्या पट्ट्यात राहतात, तर जेट ८०० च्या पुढे जाते. मुंबईहून दिल्लीला जायचे असेल तर हा फरक मोठा आहे, आणि तिथे पंख्याच्या विमानाचा आग्रह कोणी धरणार नाही.

मुंबई ते चिपी हे हवाई अंतर मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सरळ भागाकार केला तर एटीआरला ४१ मिनिटे आणि जेटला २५ मिनिटे, म्हणजे फरक सोळा मिनिटांचा. प्रत्यक्षात तोही राहत नाही, कारण जेटला त्याची खरी काटकसर तीस हजार फुटांच्या वरच साधते, तिथून उतरायलाच त्याला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते, आणि चढायलाही जवळपास तेवढेच अंतर लागते. साडेतीनशे किलोमीटरच्या वाटेवर त्याचा चढ संपण्यापूर्वीच उतार सुरू होतो. घाटमाथ्याच्या वेगासाठी बांधलेले इंजिन सगळा वेळ घाट चढण्या-उतरण्यात घालवते आणि त्याचे इंधन त्या प्रमाणात जळते. एटीआर पंधरा-सोळा हजार फुटांवर जाऊन आपल्या चालीने चालू लागते, आणि जुहूची किनारपट्टी मागे पडून पुरता अर्धा तासही झाला नसेल तोवर खाली उतरू लागते. लहान पल्ल्याच्या मार्गावर जगभर हे विमान टिकून आहे ते याच हिशेबामुळे.

विमानापेक्षाही विमानतळाच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कोकणात सपाट जमीन मिळते ती सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळाच्या पठारावर. चिपीचा विमानतळ सड्यावर आहे, गोव्यातल्या मोपाचा सड्यावर आहे, रत्नागिरीचाही तसाच. जांभ्याच्या या कातळाला दोन्ही टोकांना उतार असतो, त्यामुळे धावपट्टी कागदावर वाढवणे सोपे आणि जमिनीवर वाढवणे फार खर्चाचे. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, तिथे मोठे विमानही उतरू शकते. पण एटीआरला पूर्ण वजनानिशी उडायला साधारण तेराशे-चौदाशे मीटर पुरतात, म्हणजे सड्यावर जी जागा स्वाभाविकपणे मिळते तेवढ्यात त्याचे भागते.

शिवाय हे विमान आपला बराच संसार बरोबर घेऊन फिरते. मागचे दार उघडून खाली आले की त्याचाच जिना होतो, त्यामुळे शिडीची गाडी लागत नाही. दार मागे असण्याचे कारण असे की सामानाचा कप्पा पुढे, वैमानिकांच्या मागे आहे. माणसे मागून चढत असताना शेपटीकडे भार येऊन विमान मागे कलू नये म्हणून तो टेकू लावतात, आणि आत्याला जो दिसला तो हाच. जमिनीवर उभे असताना दिवे आणि वातानुकूलन चालू ठेवण्यासाठी मोठ्या विमानांच्या शेपटीत वेगळे छोटे इंजिन असते, ते एटीआरला नाही. त्याऐवजी उजव्या बाजूच्या पंख्याला ब्रेक लावून पंखा थांबवतात आणि आतले टर्बाइन चालू ठेवतात. वैमानिकांच्या भाषेत याला हॉटेल मोड म्हणतात. चढताना उजवीकडे नीट लक्ष दिले तर पंखा स्तब्ध आणि इंजिनाची शीळ चालू, असे चमत्कारिक दृश्य दिसते. मला ही युक्ती फार आवडते, कारण वेगळे यंत्र न वाहता आहे त्याच यंत्राकडून दुसरे काम करून घेण्याची ती रीत आहे.

आसनांच्या संख्येचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या चर्चांमध्ये तोच सर्वांत कमी येतो. सिंधुदुर्गाची लोकसंख्या जेमतेम साडेआठ लाख आहे. गणपतीचे दहा दिवस आणि शिमगा सोडला तर रोज मुंबईला विमानाने जाणारी माणसे किती निघतील, याचा अंदाज आपण सगळेच करू शकतो. एकशेऐंशी आसनांचे विमान आणले तर ते भरण्यासाठी कंपनी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्याच ठेवील. तेवढीच माणसे सत्तर आसनांच्या विमानातून न्यायची तर जवळजवळ रोज फेरी होऊ शकते. ज्याला मुंबईत डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, न्यायालयात तारीख आहे किंवा मयतीला पोचायचे आहे, त्याला विमान किती मोठे आहे याच्याशी कर्तव्य नसते. ते उद्या आहे का, एवढेच त्याला हवे असते. चाकरमान्यांची गणपतीची गर्दी हे रेल्वेचे आणि एसटीचे काम आहे आणि त्यांचेच राहील. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हापासून तिने ते निभावले आहे. विमानाकडून अपेक्षा करायची ती नेमाची.

आपल्या देशातले नियमही लहान विमानाच्या बाजूने आहेत. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ आहे, आणि चाळीस टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावर राज्याने किती विक्रीकर घ्यावा याला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. एटीआर ७२-६०० चे जास्तीत जास्त उड्डाणवजन सुमारे २३ टन आहे, म्हणजे दोन्ही सवलती त्याला मिळतात.

टर्बोप्रॉप आपल्याला नवीनही नाही. व्हिकर्स व्हायकाउंट हे या जातीचे पहिले प्रवासी विमान १९४८ मध्ये उडाले, आणि इंडियन एअरलाइन्सने ते १९५७ पासून वापरले. पुढे फॉकर फ्रेंडशिप आले, आणि कानपूरला भारतातच बांधलेले ॲव्हरो आले, ज्याचे पहिले उड्डाण १९६१ च्या नोव्हेंबरात झाले. आपल्या किनाऱ्यावर टेहळणी करत फिरणारी तटरक्षक दलाची डॉर्नियर २२८ विमानेही टर्बोप्रॉपच आहेत आणि तीही कानपूरलाच बनतात. त्याच डॉर्नियरचे १७ आसनांचे नागरी रूप २०२२ च्या एप्रिलपासून आसाम-अरुणाचलच्या मार्गावर प्रवासी नेऊ लागले आहे. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या असतील तर तटरक्षक दलालाही पंखाच निवडावासा वाटतो, हे आत्याच्या शंकेला पुरेसे उत्तर आहे.

अर्थात गैरसोयी आहेत. पंख्याच्या रेषेत, म्हणजे पुढच्या काही रांगांत, आवाज आणि कंप जाणवतो. मागे बसले तर तो बराच कमी होतो. विमान कमी उंचीवरून जात असल्यामुळे ढगांच्या वर जाण्याची सोय नसते आणि पावसाळ्यात हेलकावे बसतात. आषाढात एकदा आमचे विमान चिपीवर दोन घिरट्या घालून ढग फाटत नाहीत म्हणून परत फिरले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतलेले मला आठवतात. वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला तो योग्यच होता आणि मी त्याचा आभारीच आहे.

सुरक्षिततेबद्दलही विचारले जाते, आणि विचारलेच पाहिजे. एटीआर ७२ चे काही गंभीर अपघात थंड हवेत पंखांवर बर्फ साचण्याशी संबंधित होते. १९९४ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यात असाच अपघात होऊन ६८ जण मृत्युमुखी पडले. पंखाच्या पुढच्या कडेला जी काळी पट्टी दिसते ती रबरी असते. बर्फ धरू लागला की तिच्यात हवा भरून ती फुगवतात आणि बर्फाचा थर तडकवून टाकतात. त्या अपघातानंतर या पट्ट्या अधिक रुंद करण्यात आल्या आणि बर्फाळ हवेत विमान कसे हाताळायचे याचे नियम बदलले. आपल्याकडे हवेचे तापमान शून्य अंशावर येते ते साधारण पाच किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबई-चिपीचे विमान जिथे फिरते त्याच्या वरच्या टोकाला, आणि तेही थोडाच वेळ. काळजी वैमानिकांनी घ्यायचीच आहे, पण उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्याची भीती कोकणात आणून बसवण्याचे कारण नाही.

चिपीचा विमानतळ २०२१ च्या ९ ऑक्टोबरला सुरू झाला आणि त्या दिवशी मुंबईहून पहिले एटीआर उतरले. ही सेवा लहान गावे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेखाली होती. या योजनेत निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवतात, २०१७ मध्ये ते तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये होते, आणि कंपनीची तूट केंद्र व राज्य मिळून तीन वर्षे भरून काढतात. योजनेमागचा विचार चांगला आहे, पण तीन वर्षांची मुदत मला समजत नाही. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील हे गृहीत धरलेले आहे, आणि चिपीच्या बाबतीत तर मधल्या काळातच, २०२३ च्या जानेवारीत, शेजारी मोपाचा मोठा विमानतळ सुरू झाला. तिथे जेट विमाने दिवसभर येतात आणि सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला ते जवळ पडते. चिपीची मुदत २०२४ मध्ये संपली आणि मुंबईची फेरी खंडित झाली. पुण्याची फेरी त्याच वर्षी सुरू झाली होती, तीही एटीआरचीच.

नॉर्वेचा किनारा आपल्यासारखाच खाड्यांनी चिरलेला आहे, फक्त तिथल्या खाड्या अधिक खोल आणि डोंगर अधिक उंच. तिथे विदेरो ही कंपनी जेमतेम आठशे मीटरच्या धावपट्ट्यांवर डॅश-८ जातीची पंख्याची विमाने उतरवते, आणि गावे अगदी लहान असूनही सेवा दशकानुदशके चालू आहे. याचे कारण असे की सरकार त्या मार्गांना धंदा न मानता रस्त्यासारखे मानते. किती फेऱ्या, कोणत्या वेळी, किती भाड्यात, हे सरकार ठरवते, त्यावर निविदा मागवते, आणि मुदत संपली की पुन्हा निविदा मागवते. मार्ग बंद होत नाही, फार तर चालवणारा बदलतो. आपल्या एसटीची फायद्यात नसलेल्या वाडीची गाडी आपण अनेक वर्षे याच भावनेने चालवत आलो आहोत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

मला तर याहून पुढची इच्छा आहे. आत्या लहानपणी वेंगुर्ल्याहून मुंबईला आगबोटीने जात असे. आगबोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, माणसांना तिच्यापर्यंत नेत. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड असे करत ती बंदर-बंदर घेत वर जाई आणि सगळा किनारा एका दोरीत ओवला जाई. लहान टप्पे घेऊन, मध्ये पंचवीस-तीस मिनिटे थांबून पुन्हा उडणे हे एटीआरसारख्या विमानाचे खास काम आहे. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि तिथे प्रवासी टर्मिनलचे कामही हाती घेतले गेले आहे. मुंबई, रत्नागिरी, चिपी आणि पुढे गोवा अशी एकच फेरी का असू नये? तिन्ही टप्प्यांवर थोडी थोडी माणसे चढली-उतरली तरी विमान भरेल, आणि रत्नागिरीच्या माणसाला गोव्याला जायला मुंबई गाठावी लागणार नाही.

पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचा प्रदेश विनाअडथळा दिसतो. त्या दिवशी मार्गशीर्षातली स्वच्छ हवा होती आणि मी आत्याला खिडकी दिली होती. सुरुवातीला तिने पंख्याकडे पाहायचे टाळले. मग दाभोळची खाडी आली, जयगडची आली, आणि विजयदुर्गाचा तट पाण्यात शिरलेला दिसताच तिने तो माझ्याआधी ओळखला, कारण आगबोटीतून तिने तो खालून पाहिलेला होता. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागची वाळूची जीभ दिसू लागली तेव्हा विमान खाली येत होते. घरी पोचल्यावर तिने पडवीतल्या खांबाकडे बोट दाखवले. आगबोटीचे वार तिचे वडील तिथे कोळशाने लिहून ठेवत आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की पुसून टाकत. मग तिने विचारले, "ह्या इमान खयच्या वारी येता?"

त्या वर्षी मी तिला वार सांगू शकलो. हल्ली ती विचारते तेव्हा मला आधी फोनवर पाहावे लागते.